साक्षीदार निघाली कंपनीत

फेरीबोटीच्या रांगेत पूल बांधणाऱ्या कंपनीचा गॉर्डन कॉफी पीत उभा होता. पुढे दोन म्हाताऱ्या.

"व्हर्ना, मेजवानीतली घोंगडी पांघरून कुठे गं?"

"पुलाच्या कंपनीत. जोलीनने बोलावलंय."

"तुझी भाची? आपल्या जमातीच्या लोकांना पुलाची कामं मिळवून देते ती?"

"तीच. जमातीच्या मेजवानीत त्यांचा साहेब सगळ्यांदेखत म्हणाला, क्रेनचं काम तुमच्याच लोकांना. आता म्हणतो, मी कधी बोललो?"

"आणि ही घोंगडी देऊन मेजवानीची साक्षीदार नेमलं होतं तुला!"

"तर! ऐकलं-पाहिलं ते सगळं सांगायचं, काही गाळायचं नाही."

"सगळं?"

"सगळं. वडीलधाऱ्यांच्या आधी ताट वाढून घेतलं, ते. ताटात सॅमन माशाचं डोकं बघून किंचाळला, ते."

"आणि 'आमचा मालक एक नंबरचा कंजूष' म्हणाला, ते?"

"तिथूनच तर सुरुवात! मालक स्वतः येणारेय आज."

"बाई गं! मीही येते."

गॉर्डनने कॉफी कठड्यावर ठेवली आणि फोन लावला.

"साहेब, क्रेनचं तुम्ही बोलला होतात... हो, बोलला होतात. बोट पोचायच्या आत आठवून घ्या."