पॅक वाळेपर्यंत

(पुंडलिकनगरातलं लहानसं ब्युटी पार्लर. दुपारची वेळ. निशा खुर्चीत मागं रेलून बसली आहे. पार्लरची मालकीण अक्षदा वाटीत पॅक कालवते आहे.)

निशा : आणि हे बघ, हाताला चिमटा घेऊन सोडला ना, की कातडी तशीच उभी राहते. पूर्वी चटकन जागेवर बसायची.

अक्षदा : चाळिशी ओलांडली की असं होतंच ताई. उन्हात जाताना लोशन लावत जा, पाणी प्या. आणि झोप नीट घ्या.

निशा : झोप कुठली! हे रात्रभर मोबाईलमध्ये तोंड खुपसून हसत असतात. परवा पाहुण्यांसमोर म्हणाले, निशा, तुझा गळा म्हाताऱ्या कोंबडीसारखा झालाय. सगळे हसले. मीही हसले.

अक्षदा : साहेब म्हणाले असं?

निशा : साहेब कसले! शेंद्र्याच्या कंपन्यांना मजूर पुरवतात, म्हणून लोक साहेब म्हणतात. स्वतः साठीला टेकलेत, दर रविवारी केस काळे करून बसतात. पण म्हातारी कोण, तर मी! तू काहीपण कर, पण मला एकदम टाइट करून दे. नाहीतर माझं काही खरं नाही बाई.

अक्षदा : करू की. आता पॅक लावते. हा वाळेपर्यंत बोलायचं नाही, हसायचं नाही. तोंड हाललं की भेगा पडतात, कातडी ओढली जाते. ज्या सुरकुत्या घालवायला आलात, त्याच पक्क्या होतील.

निशा : बरं.

अक्षदा : तोंड बंद. मी बोलते, तुम्ही ऐका.

निशा : हं.

अक्षदा : माझी माय पण शेंद्र्याकडचीच. मेंढरांमागं हिंडलेली. तोंड उन्हानं रापलेलं, पण हसली की लई गोड दिसायची. बापाला ते चालत व्हतं. मग तिकडं कंपन्या आल्या. बापाच्या अंगावर पांढरे कपडे आले, दारात गाडी आली. अन् मग त्याला मायचं तोंड दिसाया लागलं. म्हणायचा, तुझं तोंड म्हंजी उन्हात वाळलेलं पायताण.

निशा : हं...

अक्षदा : मायनं काय काय केलं. दुधाची साय चोळली, मुलतानी माती थापली. शेवटी शहागंजात एका हातगाडीवरून बिननावाची डबी घेऊन आली. लावली की तोंड चमकायचं. बाप बरा बोलाया लागला. म्हणून ती जास्तीच चोळाया लागली. मग कातडी पातळ झाली, लाल झाली, सोलून निघाली. गालावर काळे डाग पडले ते आजपावेतो हायेत. तोवर बापानं शहरात दुसरी केली.

निशा : हं?

अक्षदा : हलू नका, ओठापाशी ओलं हाय. त्या दुसरीच्या कातडीचं लई कौतुक त्याला. लोणी हाय लोणी, म्हणायचा. मायच्या समोर. घर सोडून गेला त्या दिवशी माय त्याला जेवाया वाढत व्हती. तर म्हणला, तोंडावर पदर घे, घास उतरत नाय. तवापासून ती पदर ओढल्याबिगर उंबऱ्याभाईर पडली नाय.

निशा : तुझ्या वडलांचं नाव काय?

अक्षदा : बोललात ना! गेली भेग गालावर. सर्जेराव नाव हाय.

निशा : छबू? यांची मुलगी छबू, ती तू?

अक्षदा : घरी छबू म्हणत्यात. पाळण्यातलं नाव अक्षदा. ते तुमच्या घरात कोण घेणार? उठू नका, बसा.

निशा : झोंबतंय. अगं, गालाला झोंबतंय! काय लावलंस तू?

अक्षदा : काय लावलं असंल?

निशा : ती... ती डबी?

अक्षदा : लई वर्षं जपून ठेवली व्हती ती. तुम्ही पहिल्यांदा आलात अन् तुमच्या मोबाईलवर त्याचा फोटो बघितला, तवा म्हणलं, देवानंच धाडली.

निशा : धू! आधी धू, पाया पडते तुझ्या! मला खरंच माहीत नव्हतं गं. ते म्हणाले, बायको वेडसर आहे, माहेरी असते.

अक्षदा : अन् तुम्हाला ते पटलं.

निशा : पटवून घेतलं. झालं समाधान? आता धू.

अक्षदा : पुसते. हा घ्या आरसा, बघा. काय झालंय? बेसन, दही अन् मध हाय. मायची आण. दही आंबट निघालं म्हणून चुणचुणायलंय. डबी मी कवाच फेकली.

निशा : मग हा छळ कशाला मांडलास?

अक्षदा : तुमचं तोंड जाळलं असतं तर तुम्ही बिचाऱ्या झाला असता. लोक कळवळले असते, तो पण कदाचित कळवळला असता. मला ते नको व्हतं. माझ्या मायचं झालं तसं तुमचं व्हावं, सावकाश, बघता बघता, एवढंच पाहिजे व्हतं. शेंद्र्याच्या त्याच्या हापिसात मेघा नावाची पोरगी हाय. त्याच्याच गाडीतून येती अन् कोपऱ्यावर उतरती.

निशा : कोण मेघा?

अक्षदा : जिच्यापायी रात्रभर मोबाईल चालू असतो, ती. याच खुर्चीत बसती. माझ्याकडं जेवढं हुनर हाय, तेवढं तिच्यावर घातलं. उंची माल तिला, साधा तुम्हाला. तिला चिमटा घ्या, कातडी बोटातून निसटती. मुद्दाम केली. तुमचा गळा त्याच्या डोळ्यांत खुपावा म्हणून केली.

निशा : वय काय तिचं?

अक्षदा : माझ्याहून धाकटी हाय.

निशा : धाकटी...

अक्षदा : रडा की! माझी माय चुलीपुढं बसून रडायची. आज तुम्ही रडा, मला बघायचंय.

निशा : रडेन घरी जाऊन. माझं होतं ते मला मिळालं, तुला दोष देत नाही. पण छबू, त्या पोरीनं तुझ्या आईचं काय वाकडं केलं होतं?

अक्षदा : तिचा इषय नाय इथं.

निशा : तिचाच आहे. मी त्याच्याकडं माझ्या पायांनी गेले. तिला तू घासूनपुसून त्याच्या पुढ्यात ठेवलीस. तुझ्या बापाच्या.

अक्षदा : ती आधीच जात व्हती त्याच्याकडं. मी काय तिला धाडली नाय.

निशा : परत कधी येणार आहे?

अक्षदा : शुक्रवारी. शालूवर शोभंल असा मेकअप पाहिजे म्हणली. कशाला, ते मी विचारलं नाय.

निशा : मीही तेव्हा काही विचारलं नव्हतं.

अक्षदा : डोळे मिटा. कपाळावरचं पुसायचं राहिलंय.