फरशीतला मोकळा चौकोन

औशाला, आमच्या गावच्या घरी, अंगणात कंद सापडले, ती गंमत तुम्हाला सांगायचीच राहिली. बाबा तिथं फरशी बसवणार होते. मी आडवाच पडलो, "दुर्मीळ फुलाचे असतील, थांबा!"

"नाव सांग, थांबतो."

फोटो काढून विचारलं, तर मोबाईलनं एकाच कंदाची तीन नावं सांगितली. आता फूल आलं तरच खात्री. कोंब फुटला का, म्हणून मी रोज उकरून बघायचो.

आई वैतागली, "आरं, त्याला उगवू तर दे!"

शेवटी मिस्त्री आला. संध्याकाळी बघतो तर कंदांभोवती चौकोन सोडून फरशी बसवलेली.

"बाबा, नाव तर कळलंच न्हाई!"

"दिल्लीहून शिकून आल्यापासून तू काय करायलास, ते तरी कुठं कळतंय? तरी ठेवलंय नं घरात."