मोजणीत न येणारं

दादा : मग शून्यच लिहिणार तू?

मोजपट्टी : मी नाही रे ठरवत, दादा. नियमच तसा आहे. शेतातून काढलेला माल म्हणजे अन्न. तो वाया गेला की त्यात गेलेलं पाणी, डिझेल, कुजताना निघणारा वायू, सगळं मोजायचं. पण पीक उभंच राहिलं, तर ते अन्न झालंच नाही.

दादा : अख्खं शेत कोबीनं भरलंय. वासानं डोकं उठलंय माझं. आणि हे अन्न झालंच नाही?

मोजपट्टी : कागदावर नाही.

दादा : धन्य आहे बाई तुझ्या ऑफिसची. लहानपणी दिसेल ते मोजत सुटायचीस, म्हणून तर मी तुला मोजपट्टी म्हणायला लागलो. तेव्हा निदान समोर दिसतंय ते तरी मोजायचीस.

मोजपट्टी : चिडू नकोस ना. मी मुद्दाम आपलं शेत घालून घेतलं या वाया गेलेल्या अन्नाच्या मोजणीत. वाटलं, कापून पडलेला माल असेल. तू कापलाच का नाहीस?

दादा : कुणासाठी कापू? व्यापारी बांधावर आला, एका गड्ड्यावर हात ठेवला आणि म्हणाला, खोक्यात आठ बसायला हवेत, तुझे पाच बसले तरी नशीब. लहान म्हणून नाकारला असता तर गिळलं असतं मी. मोठा म्हणून नाकारला.

मोजपट्टी : पण एवढा मोठा झाला कसा?

दादा : पाणी जास्त झालं.

मोजपट्टी : जास्त? विहीर तळाला गेलीय असं तूच सांगत होतास फोनवर.

दादा : गेलीच होती.

मोजपट्टी : मग आलं कुठून पाणी? दादा, इकडे बघ जरा.

दादा : बागेचं दिलं.

मोजपट्टी : संत्र्यांचं?

दादा : दोन्हीला पुरणार नव्हतं गं. म्हटलं, कोबी तीन महिन्यांत हातात येतो. झाडं काय, एक उन्हाळा तग धरतील, बाबांनी लावलेली आहेत, चिवट आहेत. आणि एकदा त्यांच्या तोंडचं काढून घेतल्यावर इथे हात आखडता घेववेना. वाटायचं, निदान हा तरी पोटभर पिऊ दे.

मोजपट्टी : मग धरला तग?

दादा : शेडच्या मागे जाऊन बघ. नको, राहू दे. बघू नकोस.

मोजपट्टी : सगळी गेली?

दादा : सगळी. फांदी नुसती वाकवली तरी कट्‌कन मोडते.

मोजपट्टी : बाबांना माहीत आहे?

दादा : पाय गेल्यापासून ते पलंगावरून उठलेत कुठे? त्यांची खिडकी ही अशी, कोबीच्या बाजूला. रोज विचारतात, बहर आला का. मी म्हणतो, आला. परवा म्हणाले, मग त्याचा वास कसा नाही येत, हे काहीतरी सडल्यासारखंच का येतंय? मी म्हटलं, वारा उलटा आहे.

मोजपट्टी : किती दिवस उलटा राहणार आहे वारा?

दादा : तू येईपर्यंत होता. आता तुलाच विचारणार आहेत ते. काल म्हणाले, तुझं राहू दे, पोरगी येतेय. दरवर्षी माझ्याबरोबर दोरी घेऊन बुंधे मोजायची, ती खोटं सांगायची नाही.

मोजपट्टी : आणि हे तू मला आत्ता सांगतोस.

दादा : फोनवर जीभ रेटली नाही. थांब. हा धर.

मोजपट्टी : काय करतोयस?

दादा : कापला. विळा लागला, झालं ना आता अन्न? ठेव काट्यावर.

मोजपट्टी : अरे, मोजण्यासाठी म्हणून कापलेलं धरत नाहीत.

दादा : नको धरूस. मला फक्त सांग.

मोजपट्टी : दोन किलोला जरासा कमी.

दादा : एवढा व्हायला पाणी किती जातं, तुमच्या हिशेबानं?

मोजपट्टी : ढोबळच असतं ते. पाऊस, विहीर, सगळं धरून.

दादा : किती?

मोजपट्टी : साडेतीनशे, चारशे लिटर.

दादा : एका गड्ड्याला?

मोजपट्टी : हो.

दादा : एवढ्यात एक झाड आठवडा काढायचं.

मोजपट्टी : दादा, असा खाली नको बसूस. सगळा लगदा झालाय तिथे. ऊठ ना.

दादा : मला वाटलं होतं, तू लिहून नेशील. कुठेतरी कुणीतरी वाचेल, की या माणसानं अमुक इतकं पाणी घातलं आणि ते असं मातीत गेलं. मला भरपाई नको होती गं. झालं ते झालं एवढंच कुणीतरी मान्य करावं, असं वाटत होतं.

मोजपट्टी : मी शेऱ्यात लिहीन.

दादा : शेरे कोण वाचतं?

मोजपट्टी : कुणी नाही.

दादा : चल. बाबा जागे असतील. तुला काय सांगायचं ते सांग, मी मध्ये बोलणार नाही.

[घरात. खिडकीला लागून पलंग.]

बाबा : आलीस? किती वाळलीस गं.

मोजपट्टी : दर वेळी हेच म्हणता तुम्ही.

बाबा : दर वेळी वाळून येतेस, मी काय करू? कामाला आलीस म्हणे. काय मोजलंस एवढा वेळ?

मोजपट्टी : कोबी.

बाबा : कोबीत काय मोजायचं? बरं, ते असू दे. बागेतून आलीस ना? हा मला बरं वाटावं म्हणून काहीबाही सांगत असतो. तू सांग. कशी आहेत झाडं?

मोजपट्टी : बाबा, आमचं काम फक्त...

बाबा : फक्त काय?

मोजपट्टी : कापलेल्या पिकापुरतं असतं. झाडं माझ्या मोजणीत येत नाहीत.

बाबा : असं होय.

दादा : बाबा, खिडकी लावू का? वास येतोय.

बाबा : राहू दे उघडी. मग आता झाडं कुणी मोजायची, पोरी?