एगोन मालकाचा हुकूम

खोटं सांगत असेन, तर माझे उरलेले दोन दातही पडोत! जर्मनीतल्या रॉयटलिंगनच्या रोजगार कचेरीत माझ्यासमोरच एगोन क्नाउस आणि त्याची बायको वाल्ट्राउट बसली होती. त्यांची बेकरी नुकतीच बंद पडलेली.

"एगोन, नीट ऐक. बेकारभत्ता नोकराला मिळतो, मालकिणीला नाही. कागदावर तू मालक आणि मी तुझी नोकर. आत सांगायचं, तू हुकूम सोडायचास आणि मी मुकाट ऐकायचे."

"मी? कधी गं?"

"अरे, तीस वर्षं माझ्या पगारातून बेकारीचा विमा कापलाय! तो बुडवतोस की काय? एखादा हुकूम आठव."

"सोमवारी सुट्टी घे, म्हणालो होतो."

"मग घेतली मी?"

"छे! उलट मलाच भट्टी घासायला लावलीस."

"हे आत बोललास तर बघ! सांग, पहाटे तीनला ब्रेडचं पीठ मळायला तू मला उठवायचास."

"मला तर तू उठवायचीस, उशी ओढून!"

तेवढ्यात दार उघडून भत्त्याचं काम बघणाऱ्या मॅडम बाहेर आल्या.

"क्नाउसबाई, मालकांना घेऊन आत या."

"चल, ऊठ एगोन!"

"बस खाली."

"काय म्हणालास?"

"खाली बस. मी सांगेन तेव्हा उठायचं."

देवाशपथ, भिंतीवरचं घड्याळसुद्धा थांबलं! वाल्ट्राउट लालबुंद झाली आणि बसली.

"आता ऊठ."

ती उठली आणि मॅडमकडे वळली.

"बघितलंत ना, मॅडम?"

"बघितलं, आणि लिहूनही घेते. या."

माझ्यासमोरून जाताना एगोन तिच्या कानाशी लागला.

"वाल्ट्राउट, आत गेल्यावर अजून एकदा बसवू का गं तुला?"

"एकदाच हं!"