पल्याडची सुपां

माझा माहेर पालयें आणि सासर हय आरोंद्याक, मधी फकत ही तेरेखोलची नदी. आता तू म्हणशीत, आजये, गोंयच्या लढाईची गजाल सांग म्हटला तर तू माहेर-सासर घेवन बसलंस, पण बाय माझे, माझी लढाई हयसूनच सुरू होता, दुसरी माका ठावक नाय. माझा लगीन झाला तेव्हा पल्याड पाखल्याचा, पोर्तुगीजाचा राज होता आणि अल्याड आपला, पण ता कागदार, आमका त्येचा काय? वऱ्हाड होडयेतसून इला, होडी घोवाचीच, तो तारी, हयची माणसां थय न्ही आणि थयची हय हाडी. माका बघूक म्हणान तो वेगळो इलोच नाय. बाजाराक जाताना त्येच्याच होडयेत बसंय मी, आणि भाडा घेताना सगळ्यांकडे बघी, माझ्याकडे बघीनासो, तेव्हाच माझ्या आवशीन, म्हणजे आयेन, ओळाखल्यान. हसतंस काय? खरा ताच सांगतंय.

मगे पंचावन सालात सत्याग्रह झालो, माणसां निशाणां घेवन हद्दीपार गेली, पाखल्यान गोळये घातल्यान, आणि त्येच्या मागसून हद्द बंद. आमका वाटला चार दिवसांची गजाल. सासू म्हणाली, नदी बंद कशी करतले, ती काय दार आसा? पण केल्यानी बंद. अल्याड आपले पोलीस, पल्याड पाखल्याचे सोजीर, आणि माझ्या घोवाची होडी माडाखाली पालथी. आधीच तो माणूस बोलको नाय, त्येच्यानंतर तर जेवताना सुद्धा गप. दुसऱ्याच्या शेतात राबाक लागलो. मी मातर बोलतच रवलंय, घरात कोणीतरी बोलाक व्हया मा.

कपडे धुवच्या निमतान मी काठार जाय आणि पल्याडसून आवस येय. नदी रुंद, वारो समुद्राकडसून, हाक मारलास तरी पोचणा नाय. ती लाल लुगडा नेसा. तो लाल ठिपको दिसलो की समजाचा, आवस बरी आसा. ती हात वर करी, मी हात वर करंय, आणि दोघी आपापल्या घराक. काय सांगू तुका, येवढीच भेट, पण तेवढ्यार आठवडो काढूचो.

तू शहरातली, तुका ओवसो म्हायत आसा काय? गणपतीत गौर येता, तेव्हा नव्या सुनेन सुपां भरून ती गौरीक ओवसूची. पण पयलो ओवसो कधीही होणा नाय, गौर पूर्वा नक्षत्रात येवक व्हयी, काय काय सुना वर्सानुवर्सां वाट बघतत. आणि पयल्या ओवशाची पाच सुपां येवची ती माहेरसून, आवशीन भरूची आणि भावान पोचवूची. माका सख्खो भाव नाय, पण चुलतभाव कोणतरी इलो असतो. ती सुपां घरातल्या थोरामोठ्यांका दिलास की मगे तू त्या घराची. तोपर्यंत बाकीच्यो सुना ओवसतत आणि तू भितीक टेकान बघत रव. आणि माझ्या नशिबाक पूर्वा गौर इली कधी? हद्द बंद असतानाच. शिरां पडली त्या नशिबार.

सासू माझी वायट नाय हां. म्हणाली, गो, बांद्याच्या बाजारातसून सुपां हाडूया, कोण इचारता? तिना बऱ्यासाठीच सांगल्यान, पण माका रडूच इला. मी म्हटलंय, इकतची सुपां ओवसूची म्हणजे माझा माहेर मेला म्हणान सांगूचा, माका नको. घोव म्हणालो, मी पवत जावन हाडतंय. तेका तर मी अशी झाडलंय की इचारू नको, म्हटलंय, गोळी लागान मेलस तर कोणाच्या नावान ओवसू? तेव्हा हटलो. सासू म्हणाली, बरा, पुढच्या पूर्वेक बघूया. पुढची पूर्वा कधी येतली ता देवाक ठावक.

दीड दिवसाचे गणपती पोचवूचे ते नदीतच, त्या दिवसा मातर दोन्ही बाजूंच्या माणसांका पाण्यात उतराक सोडीत. पाखल्यान सुद्धा देवाक आडकाठी केल्यान नाय. आमी अल्याड आरती करतंव, पल्याड त्येंची चालू, भरती लागलेली. आणि बघतंय तर लाल लुगडा पाण्यात, कमरेइतक्या. आवशीन केळीच्या दांड्यांची ताटी बांधून तेच्यार कायतरी फडक्यात गुंडाळलेला ठेयल्यान आणि ताटी सोडल्यान. माका वाटला निर्माल्य. ताटी थोडी गेली आणि चिखलातल्या खुंट्यांक अडाकली. तोपर्यंत काठावरचो सोजीर बंदूक घेवन धावत इलो. आफ्रिकेतसून हाडलेलो तो, अंगान काळो, उंच, पाखल्याच्या एका मुलखातसून उचालल्यानी आणि दुसऱ्या मुलखाची राखण करूक उभो केल्यानी. आवस कसली भिता! तिना ताटयेपाशी जावन फडका सोडल्यान, एक सूप वर काढून तेका दाखवल्यान, आणि मगे हात लांब करून अल्याडच्या गर्दीत माका दाखवल्यान.

अगे बाय, तेव्हा माका समाजला ताटयेत काय आसा. तो सुपाकडे बघता, आमच्याकडे बघता, आणि आमच्या बाजूच्या पोलिसान सुद्धा बंदूक सरळ धरल्यान. दोन्हीकडची आरती बंद. मगे त्या सोजिरान बंदूक पाठीक लायल्यान, बुटांसकट पाण्यात उतारलो, दोन्ही हातांनी ताटी खुंट्यांतसून सोडवल्यान आणि धारेत ढकलल्यान. आमच्या पोलिसान पण मान दुसरीकडे फिरयल्यान, ता मी बघलंय. भरतीच्या पाण्याबरोबर ताटी वर गेली, वळणापलीकडे, दिसाची बंद झाली. घोव माझो काठान धावत सुटलो आणि वळणार पाण्यात उडी घालून धरल्यान ती.

पाचय सुपां होती. भिजलेली, पण सगळा जाग्यार, तवसा, नारळ, हळदीची पानां, माका खण. सासूबायन सुपां चुलीवयल्या माळ्यार सुकत घातल्यान आणि म्हणाली, गो, भिजली म्हणान गौर काय परत जातली? ओवसो झालो माझो. सुपांक धुराचो वास येय होतो आणि मी रडतंय काय हसतंय ता माका कळाना. पण आवशीक कसा कळूचा? ताटी वळणामागे गेलेली तिना बघल्यान, पुढचा नाय. दुसऱ्या दिवसापासून काठार कोणाक सोडीनत, काट्याची तार मारल्यानी. त्येच्यानंतर लाल ठिपको माका दिसलोच नाय. रोज वाटायचा, बिचारी म्हणत असात, सुपां बुडली.

एकसष्टच्या डिसेंबरात आपला लष्कर इला. तुका लढाई व्हयी होती मा, ती येवढीच, डोक्यारसून विमानां गेली, खंयतरी पूल उडवल्यानी त्येचो आवाज इलो, वासरू दावा तोडून पळाला, आणि लढाई संपली. लोक पेढे वाटीत होते. घोवान माडाखालची होडी सुलटी केल्यान आणि पाण्यात लोटल्यान. इतकी वर्सां सुकान फळये उकललेली, पाणी आत येय, आणि मी नारळाच्या करवंटयेन उपसत उपसत माहेराक गेलंय. तो वल्हवता आणि हसता. लग्नानंतर पयल्यांदा तेका तसो हसताना बघलंय.

आवस काठारच होती. म्हातारी झालेली, माका धरल्यान आणि पयला इचारल्यान ता, पावली गो सुपां? मी म्हटलंय, पावली गो, पाचय पावली. तेव्हा ती खाली बसली, रेतीतच. मगे म्हणाली, आणि तो खंय?

तो म्हणजे तो सोजीर. त्या दिसानंतर तो आमच्या पालयेंच्या बावडेर पाणी पिवक येय, आवस तेका पेज देय. बोली कळाची नाय, पण हातान दाखवी, समुद्रापलीकडे घर, घरात आवस, बारकी भयण. मगे लढाई झाली, आपल्या लष्करान पाखल्याचे सगळे सोजीर धरल्यानी आणि ट्रकात भरून न्हेल्यानी. आवस रस्त्यार जावन उभी रवली, पण तो तिका दिसलो नाय. शेजारपाजारची माणसां तिका हसत होती, सगळा गोंय सुटला म्हणान नाचता आणि ही पाखल्याच्या सोजिरासाठी रडता. तेव्हा ती चिडली, माझ्यासारकीच ती, म्हणाली:

"माझी सुपां त्येना पोचयल्यान. तेका घराक कोण पोचयतलो?"

नंतर ऐकला, धरलेल्या सोजिरांका बोटीत घालून परत धाडल्यानी. तो त्या बोटीत होतो काय, आणि थय त्येच्या मुलखात पुढे जी लढाई पेटली तिच्यातसून वाचलो काय, आमका कसा कळूचा? आवस मरासर इचारी होती.

आता काय, नदयेर पूल झालो. नातू गाडयेर बसान पालयेंक जाता, कित्या तर थय पेट्रोल सोवाय, स्वस्त म्हणान, मेलो. घोव गेलो, होडी गेली. टीव्हीर खंयची ना खंयची लढाई असताच, मी बघीत नाय, कोण जिकता ता माका नको, पयलो इचार येता तो हद्दीर उभ्या केलेल्या त्या झिलग्यांचो, पोरांचो. मागे नातसुनेचो पयलो ओवसो झालो, पूर्वा गौर इली होती. सांगणा, देवाक घालतत ता गाऱ्हाणा, मीच घालतंय घरात. सगळ्यांची नावां घेतलंय आणि शेवटाक म्हटलंय, म्हाराजा, तो जय आसात थय तेका सुखी ठेव, आणि अजून घराक पोचलो नसात तर पोचव. नातसून इचारता, आजी, तो कोण गो? मी म्हटलंय, पयल्या ओवशाची सुपां कोण पोचयता? ती म्हणाली, भाव.

तर तोच, म्हटलंय. माझो भाव.