शॅननच्या अलीकडे

...छे छे, ते आमचं कॅरिक गाव नव्हे हो! पुलापलीकडची ती दुकानं ना, ती रॉसकॉमन परगण्याची — आमचा लेट्रिम परगणा इथं, या काठाला संपतो. मध्ये शॅनन नदी. बसा की, बोट कुठं पळून जातेय तुमची! आमच्या फेलिमनं — माझा नवरा, गेला बिचारा — उभ्या जन्मात पलीकडे पेट्रोल भरलं नाही. का? फुटबॉलचं वैर! दुसरं काय असणार? आज तर त्यांच्याशीच मॅच आहे, बघा सगळं गाव कसं आमच्या रंगात, हिरवं-सोनेरी झालंय — आणि मी मेली हसतेच आहे सकाळपासून, चर्चमध्येसुद्धा हसू फुटलं, बहिणीनं — बर्नीनं — कोपरानं ढोसलं मला.

ते वरचं चिमुकलं चर्च पाहिलंत? बायको गेली म्हणून नवऱ्यानं बांधलं, दोघंही तिथंच पुरलेली. चार माणसं उभी राहिली की भरलं! मॅलकी म्हणतो, आपण तिथंच लग्न करू — थडग्यात, मेल्या? म्हटलं मी. कोण मॅलकी म्हणताय? म्हणजे... बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. पलीकडे. हो, रॉसकॉमनचा! हळू बोला ना! काल नदीच्या मधोमध इंजिन बंद केलं आणि विचारलंन. या वयात! मी म्हटलं, इथं पाण्यात नको, उद्या पुलावरून चालत ये, सगळ्या गावादेखत विचार. वाटलं, घाबरेल. आता मीच घाबरलेय. बर्नी म्हणेल, फेलिमला काय वाटेल? काय वाटेल? मला ठाऊक नाही हो, खरंच. पण इस्पितळामागं ते जुन्या दुष्काळातलं दफनाचं मैदान आहे ना, गरीबखान्यात उपाशी मेलेली माणसं पुरलेली — दोन्ही काठांची, एकाच खड्ड्यात. तिथं कुणी विचारलं होतं, तू कुठला म्हणून? मग जिवंतपणी तरी का विचारावं? — हे कधी कुणाला बोलले नव्हते मी. तुम्हाला कशी बोलून बसले!

येईल ना हो तो? उशीर झालाय. नसेल येत. बरंच झालं, म्हणजे — अगंबाई. पुलावर कसला आरडाओरडा? रॉसकॉमनचीच माणसं हुर्यो करतायत — कुणाची? त्याचीच? नीट बघा ना, माझा चष्मा — गळ्यात काय आहे त्याच्या? हिरवं? हिरवं-सोनेरी? आमचा मफलर? रॉसकॉमनच्या माणसाच्या गळ्यात?

उठा. उठा बरं तुम्ही, त्याला जागा करा. जा, बोट बघा तुमची.