खिशातला हात

मिस्टरांना कशाला आनू? चाकू मला पायजे, त्यांना नाय. रागावू नका शेठ, पन पलीकडच्या दुकानात पन हेच ऐकून आलीय मी – ताई, मिस्टरांना घेऊन या, जेन्ट्स लोकांना यातलं कळतं. काय कळतं जेन्ट्स लोकांना? आं? जाऊ दे. तो काळा ठेवा आत पयला – कवटी काढलीय त्याच्यावर, मी काय मर्डर करायला निघालीय? हा बघू... नाय, हा जड हाय. तुमाला नाय वाटनार, तुमी दिवसभर हातोडे-पाने उचलता, पन मला रोज बाळगायचाय – भाजीला गेली तरी, देवळात गेली तरी, लेकीकडं गेली तरी. जड असला की आज राहू दे, उद्या घेऊ, असं होतं, नि मग पडतो कपाटात. हलका दावा. मिटनारा. या कमरेच्या पिशवीत टाकला की हाय की नाय ते कळलं नाय पायजे.

नाय, नखानं ओढायचा नको. एका हातात धरा, दुसऱ्या हाताच्या नखानं पातं ओढा – तो दुसरा हात कुठनं आनायचा मानसानं? हसू नका. सगळ्यांना वाटतं हात दोन हायत म्हंजे दोनी मोकळेच असतात. एका हाताचा दावा, अंगठ्यानं ढकलला की पातं बाहेर, नि बाहेर आलं की खट्‌कन बसलं पायजे, माझ्याच बोटावर मिटायला नको. आनि टोक बोथट असेल तर बरं. हो, बरोबर ऐकलंत, चाकू पायजे नि टोक नको. मला कापायचंय, भोसकायचं नाय कुनाला.

कापड. कापड कापायचंय. कांद्याला विळी हाय घरी. म्हनून तर हा तुकडा आनलाय बरोबर, ओढनीचा – सगळे चाकू याच्यावर लावून बघनार, मग घेनार. गुळगुळीत पातं सटकतं याच्यावरनं, नायलॉन असतं ना. तुमच्याकडं ते करवतीसारखे दात असलेलं पातं असेल, ते काढा. वरच्या खनात बघा की, मला घाई नाय.

नाय, ही तिची नाय. तिची हॉस्पिटलातच फेकून दिली. ही माझ्या लेकीची जुनी. तिची म्हंजे – आता तुमाला काय सांगू. मैत्री. नाव तिचं, आमच्या वरच्या खोलीतली पोरगी. शिरवन्यात घर हाय आमचं, गावातलंच, वर भाडेकरू ठेवलेत. सुमेधाताई नि तिची दोन पोरं, मैत्री नि तेजस. रत्नागिरीकडची बौद्ध मानसं. नवरा लवकर गेला तिचा, पन पोरांना शिकवलं बाईनं. ही मैत्री माझ्या ओट्यावर बसून अभ्यास करायची, माझ्या तव्यावरची भाकरी उचलून खायची, विचारायची पन नाय. मग ऐरोलीला कॉल सेंटरला लागली. आवाज काय होता शेठ पोरीचा! जिन्यात बोलली तरी खाली घरात बसून ऐकत राहावं असा. मी बोलायची, मैत्रे, तुझा आवाज ऐकून लोक फोन ठेवत नसतील ग. तर ती हसायची, बोलायची, मावशी, लोक शिव्या देतात.

तर माझी संध्या कामोठ्याला दिलीय. तिच्या पोराचं बारसं होतं, आमी दोघं नि ही दोन पोरं गेलेलो. दुपारी जेवून निघालो. पुढं तेजसची बाईक, मागं मैत्री बसलेली. त्यांच्या मागं स्कूटरवर आमी दोघं, मी नि आमचे हे. ऊन होतं म्हनून पोरीनं ओढनी गळ्याला वेढे घालून घेतलेली, नि हायवेला लागल्यावर एक टोक सुटलं. मी मागनं बघितलं. मी ओरडली – मैत्रे, ओढनी! ओढनी धर! हेल्मेटात काय ऐकू जातंय, नि बाजूनं ट्रेलर चाललेले, न्हावा शेवा बंदराचे. गेली ती चाकात.

एकदम मागं खेचली गेली हो पोरगी, जशी कुनी मागनं धरून आपटावी. गाडी आडवी, तेजस पलीकडं पडलेला. ह्यांनी आमची गाडी नीट थांबवली पन नव्हती, मी उडी टाकली. बघते तर तिची मान चाकाला टेकलीय नि ओढनी चेनमधे जाऊन पीळ बसून दोरी झालेली. डोळे मोठे झालेले तिचे. माझ्याकडंच बघत होती. मी ही डाव्या हाताची दोन बोटं कशीतरी आत घातली, गळा नि ओढनीच्या मधे – तेवढ्या फटीतनं जी काय हवा जात होती ती जात होती. बोटं काढली की पोरगी गेली. हे बघा, हे वळ. या बोटाला अजून गरम-थंड कळत नाय. आता कळलं तुमाला, एका हाताचा का पायजे?

तेजस उठून चाक उलटं फिरवायला गेला, तर अजून आवळलं. मी त्याला लाथ मारली बाजूला. आनि ओरडतेय – चाकू द्या! ब्लेड द्या! कुनाकडं कायपन असेल ते द्या! केवढी मानसं जमली होती, बाबा. एकजन बाटलीतलं पानी ओततोय तिच्या तोंडावर – अरे, तिला श्वास येत नाय, पानी काय ओततोस? एक मोबाईल वर धरून उभा. एक मला समजावतोय, काकी, पॅनिक होऊ नका, अँब्युलन्सला फोन लावलाय. मी दातांनी धरून ओढतेय, घराच्या किल्लीनं घासतेय, दोरा सुटत नाय एक. आनि आमचे हे समोर उभे. या काऊंटरएवढं अंतर, जास्त नाय. मी त्यांच्याकडं बघून ओरडली, अहो, कुनाकडं तरी बघा ना! तर उभे. उजवा हात खिशात.

– नाय, थांबा. पानी द्या जरा.

वाचली ती एका ट्रेलरवाल्यामुळं. रस्त्याच्या मधोमध ट्रेलर उभा केला त्यानं, केबिनमधनं उडी मारून पळत आला, हातात भाजी कापायचा चाकू – ते लोक गाडीतच रांधून खातात ना. "बहनजी, सर पकडो, हिलने मत दो." एवढंच बोलला. ओढनी तुटली, पन टोक लागलं तिच्या कानामागं, चांगलं लांब कापलं – टोकाचं म्हनून बोलली मी. पन तुटली, नि पोरीनं असा श्वास घेतला, असा आवाज काढून... मी तीन बाळंतपनं बघितलीत घरात, असा श्वास कुनाचा ऐकला नाय. मागं हॉर्नवर हॉर्न, लोक त्याच ड्रायव्हरला आयमायवरनं शिव्या देतात, गाडी हटाव म्हनून. तो चाकू तिथंच टाकून गेला बिचारा. नाव विचारायचं पन राहिलं.

हां, हा बघू. हिरव्या मुठीचा. उघडतो का... उघडला. हलका हाय. थांबा, कापड तुमी तानून धरा. असं नाय, सैल नको, घट्ट धरा, जीव जातोय असं धरा! ...हं. कापतोय. दात बरे हायत याचे. थोडं अजून बघते.

पोलीस? पोलिसांचं तुमी पन नका सांगू हो मला! विचारलं पोलिसानं तर सांगीन कशाला ठेवलाय ते, घेऊन गेला तर दुसरा घेईन. पोलीस, पोलीस. घरात पन तेच ऐकलंय मी. आता तोंड उघडलंत तर ऐका. हॉस्पिटलातनं घरी आल्यावर ह्यांची पॅन्ट भिजत घालायला घेतली, चिखल-ऑईल लागलेलं. खिसा जड. हात घातला तर चाकू. लाल मुठीचा, मिटनारा, अगदी असाच हलका. यार्डात कामाला होते ना हे, कंटेनरचे पट्टे कापायला लागायचा, बोटीवरच्या कुनी मानसानं दिलेला. मला वाटलेलं, रिटायर झाल्यावर ठेवला असेल कुठंतरी. तर खिशात. रोजच्या खिशात. धार बघितली मी, अंगठ्यावरनं रक्त आलं.

आनि मी काय केलं सांगू? मी त्यांची बाजू घेतली. मनातल्या मनात. बोलली, घाबरला असेल मानूस, होतं असं, सुचत नाय टायमाला. चाकू पुसून खुंटीवरच्या दुसऱ्या पॅन्टच्या खिशात ठेवला. आनि दुसऱ्या दिवशी जेवताना हेच बोलले आपल्या तोंडानं – बरं झालं त्या ड्रायव्हरनं कापली. आपल्या हातनं मानेला लागलं असतं, पोरगी गेली असती, तर पोलीस आपल्या दारात. नि त्यांच्यातली पोरगी, केस टाकली असती तर जन्मभर निस्तरत बसलो असतो. आमटी वाढ.

म्हंजे सुचलं होतं, शेठ! सुचलं होतं. पोरीचे डोळे पांढरे होत होते नि हा मानूस खिशात चाकू धरून विचार करत होता की ही कोनाची, नि केस कुनावर पडेल. वीस वर्षं त्या पोरीनं ह्यांना काका म्हटलंय! ह्यांना हार्टचा त्रास झाला तेव्हा रिक्षात बसवून कुनी नेलं? तेजसनं. रात्रभर बाकावर कोन बसलं? सुमेधाताई. तेव्हा नाय विचारलं, कोनातली म्हनून!

पोरगी बरी हाय. बरी म्हंजे चालती-बोलती हाय. आवाज गेला. पूर्ण नाय, घोगरा झालाय, कुजबुजल्यासारखा, डॉक्टर बोलतात आता एवढाच राहील. कामावरनं काढली नाय, पन फोनवरनं उठवली, आता टायपिंगवर बसवलीय. परवा जिन्यात मला हाक मारली तिनं, मावशी म्हनून, तर मी ओळखलाच नाय आवाज, वाटलं कोन बाप्या आलाय. तिला कळलं ते. हसली. हसली नि वर गेली, नि मी खाली ओट्यावर बसून राहिली.

आनि ह्यांचं काय? ह्यांचं जोरात चाललंय. नाक्यावर सांगतात, आमी दोघांनी वाचवली. मी गाडी धरली, हिनं मान धरली. लोकांना पटतं. धर्मराज म्हात्रे म्हंजे गावात मोठं नाव – बघा, नवऱ्याचं नाव घेतलं मी आज. सुमेधाताई तर ह्यांच्या पाया पडायला वाकली हो! त्यांनी पडू दिलं. नको पन बोलले नाय. हात ठेवला तिच्या डोक्यावर. आता रविवारी गावच्या मंडळाचा कार्यक्रम हाय, आमचा दोघांचा सत्कार. शाल, नारळ, फोटोवाला सांगितलाय. मैत्री दोन शब्द बोलनार, असं छापलंय. कुठल्या आवाजात बोलनार ती, कुनी विचारलं नाय.

जानार तर. न जाऊन सांगू काय? सांगितलं तर सुमेधाताई खोली सोडून जाईल, दुसऱ्याच दिवशी. थांबनार नाय ती बाई, मी ओळखते तिला. नि पोरगी – पोरीला आत्ता एवढंच धरायला हाय की आपली मानसं धावली. ते पन काढून घेऊ तिच्याकडनं? बोला ना.

त्यांना? नाय, त्यांना पन नाय बोलली. त्यांना माहीतच नाय की मला माहीत हाय. शेजारी झोपते, डबा भरते, गोळ्या काढून देते. हा चाकू घेतलाय हे पन कळायला नको, म्हनून तर नेरूळ सोडून वाशीला आली. काल संध्याकाळी पेरू आनले त्यांनी. टीव्हीसमोर बसून खिशातनं तो काढला, अंगठ्यानं उघडला, मस्त एकसारख्या फोडी केल्या, मीठ लावलं. नि पात्यावरच धरून एक फोड माझ्या पुढं केली. घे, बोलले, गोड हाय.

घेतली मी. खाल्ली पन.

...असं काय बघता माझ्याकडं? हाच द्या, हिरवाच. पिशवी नको. द्या लवकर, ते भाऊ मघापासून थांबलेत, त्यांना काय पायजे ते बघा.